गोल करून बसलेले मास्तर

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. पुण्याच्या मावशीने फोनवर दोनदा विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" मावशी, उत्तर इथेच देतो.

तर झालं असं की, दिवाळीनंतर नववीच्या एका मुलाची गणिताची वही मी भर वर्गात टराटरा फाडली. कारण? त्याने समास आखला नव्हता! २२ वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. पोरगं रडलंही नाही, मुकाट्याने तुकडे गोळा करत बसलं. त्या रात्री झोप लागली नाही. तशी ती आधीपासूनच लागत नव्हती म्हणा.

मग आम्ही तालुक्यातले ९ शिक्षक दर शनिवारी दुपारी शिंदखेड्यात एका रिकाम्या वर्गात जमू लागलो. धुळ्याहून समुपदेशक ताई यायच्या. बाकं सरकवून गोल करून बसायचं. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही आणि कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. (दुसरा नियम पाळताना मास्तर लोकांचे काय हाल होतात, विचारू नका.)

पहिला शनिवार गाऱ्हाण्यांतच गेला. यू-डायसची माहिती, मतदार याद्या... शिक्षण हक्क कायद्यातच जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीच्या कामांना मोकळीक आहे, तक्रार कुठे करणार? त्यात सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल. आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पन्नाशीला टेकलेले सर पोराच्या गाईडमधून अभ्यास करतायत.

ताईंनी सांगितलं, 'बर्नआउट' हा शब्द फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञाने १९७४ साली रूढ केला, तोही स्वतः थकून गेल्यावर. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून. थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मधल्या लक्षणाला मला ती वही दिसली.

दुसऱ्या शनिवारी दोंडाईच्याच्या मॅडम एकदम अहिराणीत बोलल्या (त्यांना विचारूनच लिहितोय), "पोरे आते माले आवडतस नही." कुणीच काही बोललं नाही. हे वाक्य आमच्यातल्या कितीजणांच्या घशात अडकलं होतं! त्यानंतर मी वहीचं सांगितलं. पहिल्यांदाच, बायकोच्याही आधी.

सोमवारी नवी वही घेऊन वर्गात गेलो आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याने वही घेतली. पण अजून माझ्याकडे बघत नाही. बघावंच असं मीही म्हणत नाही.

येत्या शनिवारी आमच्यातल्या चौघांना प्रशिक्षणाचा आदेश आलाय. उरलेले पाचजण बसणार आहोत. मावशी, झोप आता पाचेक तास लागते.