अंगठा वर धरा

पाठदुखीचा पेशंट आला की आधी टेबलावर एमआरआयचं पाकीट येतं, मग माणूस बसतो. ‘गादी सरकलीय, नस दबलीय, ऑपरेशन लागेल म्हणालेत.’ मी पाकीट बाजूला ठेवतो आणि चपला काढून पलंगावर झोपायला सांगतो.

फिल्म खोटं बोलत नाही, पण ती नको तेवढं सांगते. १९९० साली स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी कधीच पाठ न दुखलेल्या ६७ जणांचे एमआरआय काढले. साठीच्या आतल्यांत पाचातल्या एकाची गादी सरकलेली निघाली आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पन्नाशीच्या कंबरेत काहीतरी दिसणारच. प्रश्न असतो तो एवढाच, की दिसतंय त्याचा आणि दुखतंय त्याचा मेळ बसतो का?

तो मेळ पायात सापडतो. ‘अंगठा वर ओढून धरा, मला खाली दाबू देऊ नका.’ कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली, की बहुधा पाचवी नस दबते आणि तिची ताकद पायाचा अंगठा सांगतो. निरोगी अंगठा माझ्या बोटाला दाद देत नाही. दबलेल्या नसेचा हळूहळू खाली येतो, पेशंट दात-ओठ खात असला तरी. मग टाचांवर चालायला लावतो, चवड्यांवर चालायला लावतो. चालताना चप्पल पायातून निसटते का, हे विचारतो. कित्येकांना ते आठवतं, पण त्याचा कंबरेशी संबंध असेल असं वाटलेलं नसतं.

आणखी एक प्रश्न संकोचाचा असला तरी चुकवत नाही. लघवी झाल्याचं कळतं का, संडासात धुताना पाण्याचा स्पर्श जाणवतो का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी एमआरआय आणि तिथे दाब दिसला तर त्याच दिवशी ऑपरेशन. तिथे चर्चेला जागा नसते. रात्री झोपू न देणारी पाठ, बारीक ताप आणि उतरतं वजन दिसलं तर मी आधी मणक्याचा क्षय शोधतो. तो बहुतेकांचा औषधांनीच बरा होतो.

ताकद शाबूत असेल आणि नुसती पायात कळ जात असेल, तर घाई कशाची? २००७ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सायटिकाच्या २८३ पेशंटांपैकी अर्ध्यांना लवकर ऑपरेशन आणि अर्ध्यांना थांबणं असं वाटून दिलं. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं. वर्षअखेर मात्र दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे झालो म्हणत होते. फरक एवढाच, की लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. हा फरक लहान नाही. पगारी रजा असलेला शिक्षक तीन महिने काढू शकतो. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या रिक्षावाल्याला ते जमेलच असं नाही. इथे मी आकडे त्याच्यापुढे ठेवतो आणि निर्णय त्याचा असतो. नुसत्या कंबरदुखीसाठी, पायात काही नसताना, मणक्यात स्क्रू घालायला मात्र मी सहसा तयार होत नाही.

मानेचं उलटं आहे. तिथे मला काळजी वाटते ती न दुखणाऱ्याची. भाकरी नीट थापता येत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, चालताना झोक जातो, एवढीच तक्रार घेऊन एखादी मावशी येते आणि घरचे वयावर ढकलतात. मी तिला दहा सेकंद भराभर मूठ उघडमीट करायला सांगतो. धडधाकट माणसाची वीसेकदा होते. तिची आठ-नऊवर अडते, बोटं पूर्ण उघडतच नाहीत. इथे नस नव्हे, मज्जारज्जूच दबत असतो आणि त्याचं झालेलं नुकसान सगळं भरून येईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. ऑपरेशन करायचं ते मुख्यतः पुढची घसरण थांबवायला.

हे समजावणं मला ऑपरेशनपेक्षा अवघड जातं. ‘दुखत तर काहीच नाही, मग मानेला कशाला हात लावायचा?’ मावशी विचारते. मुलगा म्हणतो, ‘चालतेय तोवर चालू दे, साहेब.’ मग मी मुलालाही मूठ उघडमीट करायला लावतो, आईच्या शेजारी बसवून, आणि मोजायला आईलाच सांगतो.