दहा हजार गळ्यांचा आवाज

पुणे

चि. ओंकार यास,


'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रत्रयीतला दुसरा चित्रपट, 'द टू टॉवर्स', मी परवा पुन्हा बघितला म्हटल्यावर तू विचारलंस, "मावशी, एवढ्या वर्षांनी तो जुना नाही वाटत?" नाही वाटत. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. शिवाय ही गोष्ट तुझ्या वेलिंग्टनचीच आहे.

त्यातली हेल्म्स डीप किल्ल्यावरच्या लढाईची रात्र आठव. भिंतीवर म्हातारे आणि मिसरूडही न फुटलेली पोरं उभी आहेत. समोर दुष्ट जादूगार सारुमानचे दहा हजार राक्षसी सैनिक, उरुक-हाय, भाले जमिनीवर आपटत गर्जतायत. पहिल्यांदा बघताना माझं सगळं लक्ष लढाईकडे होतं. आता पोटात गोळा येतो तो त्या गर्जनेने, कारण ती ऐकणाऱ्या पोरांचे चेहरे दिसतात.

तो किल्ला हट व्हॅलीजवळ ड्राय क्रीकच्या दगडखाणीत उभारला होता. तिथे कित्येक आठवडे रात्र-रात्र शूटिंग चाललं, कृत्रिम पावसात, अंगावर चिलखतं चढवून. तरी खरी माणसं उभी करून करून किती करणार? मागचं हजारोंचं सैन्य 'मॅसिव्ह' या सॉफ्टवेअरमधून आलं. स्टीफन रेगेलस यांनी ते याच चित्रत्रयीसाठी तयार केलं. त्यातली प्रत्येक आकृती आजूबाजूला काय चाललंय ते टिपून आपली हालचाल स्वतः ठरवते. म्हणून ती गर्दी साच्यातून काढल्यासारखी दिसत नाही.

पण आवाजाचं काय? एवढ्या सैन्याचा हुंकार स्टुडिओत चार माणसं बसवून निघत नाही. फेब्रुवारी २००२मध्ये तुमच्या वॉटरफ्रंटजवळच्या त्या स्टेडियमवर न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. दोन डावांच्या मधल्या वेळात दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतः मैदानात उतरले. मोठ्या पडद्यावर मूळ कादंबरीकार टॉल्किन यांच्या मॉर्डोर या काल्पनिक देशाच्या भाषेतले शब्द झळकले आणि क्रिकेट बघायला आलेल्या सुमारे २५,००० लोकांनी ते एका सुरात गर्जून म्हटले, पाय आपटले. तेच ध्वनिमुद्रण उरुक-हायच्या तोंडी गेलं. पुढे या चित्रपटाला ध्वनिसंकलनाचं आणि दृश्यपरिणामांचं अशी दोन ऑस्कर मिळाली.

संगणकावरची चित्रं लवकर शिळी होतात. इथे ती टिकली, कारण त्यांच्या मागे एका गावाने जीव ओतला आहे. खाणीत भिजलेल्यांनी ओतला, तसाच स्टँडमध्ये बसून ओरडलेल्यांनीही. भव्य काही करायचं तर अशी पुष्कळ माणसं लागतात, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं कुठेच येत नाहीत, हे मला या चित्रपटाने शिकवलं.

पुढच्या सामन्याला गेलास की शेजारच्या एखाद्या वयस्क प्रेक्षकाला विचार, "त्या दिवशी तुम्ही होतात का?" कोणी भेटलं तर तो काय सांगतो ते सगळं मला सविस्तर लिही.

तुझी,
मावशी