चीनपर्यंत

ज्ञान मिळवण्यासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, हे वाक्य पैगंबरांचं नसेल तर?

नाहीच, असं जाणकार म्हणतात, आणि ते आजकालचे जाणकार नाहीत. अकराव्या शतकात बैहकींनी लिहून ठेवलं की वाक्य प्रसिद्ध आहे, सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, मात्र कमजोर. बाराव्या शतकात इब्न अल-जौझींनी ते बनावट हदीसांच्या संग्रहातच टाकलं. खोट कुठे, तेही सांगितलेलं आहे. पैगंबरांचे सोबती अनस बिन मालिक यांच्याकडून आपण हे ऐकलं असं सांगणाऱ्या अबू आतिकावर अभ्यासकांचा भरवसा नव्हता.

आमच्या घरात या वाक्यावर पिढी वाढली. अब्बा पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात आमच्या गावाचं नाव आहे, आणि अब्बांना ते स्वतःच्या आडनावाइतकं जवळचं वाटायचं. अभ्यासाला बसवताना ते चीनचं वाक्य म्हणायचे आणि पुढे स्वतःची भर घालायचे, की जायचं तर चीनपर्यंत जा, पण आधी पायाखालची माती बघून जा. अब्बांनी ते चीनचं वाक्य कुणाकडून ऐकलं होतं, ठाऊक नाही. विचारायचं कधी सुचलंच नाही.

न सुचण्याचं खरं तर आश्चर्य वाटायला हवं, कारण कुठून आलं ते विचारणं हीच माझी रोजीरोटी आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ग्राहकाची तक्रार आली की आम्ही मागे मागे जातो. पार्ट कुठल्या शिफ्टला निघाला, मशीन कोणतं, ऑपरेटर कोण, बार कोणत्या लॉटचा, हीट नंबर काय. मग त्याहून मागे: ज्या मायक्रोमीटरने मोजलं त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं? ते झालं स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर. स्लिप गेज भोसरीतल्या लॅबने तपासलेले, त्या लॅबचे मास्टर तिच्या वरच्या लॅबने, आणि असं चढत चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. मधला एक कागद नसला तर ऑडिटर पुढे सरकत नाही. हदीसवाले हजार वर्षांपूर्वी हेच करत होते. सांगणारा कधी जन्मला, कधी वारला, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटणं शक्य तरी होतं का, म्हातारपणी त्याची स्मरणशक्ती कशी होती. ज्यांची श्रद्धा सगळ्यात जास्त, त्यांनीच सगळ्यात जास्त तपासलं. हे मला फार मोठं वाटतं, आणि आमच्या मोहल्ल्यात याबद्दल कुणी बोलत नाही याचं वाईटही वाटतं.

ते वाक्य पुन्हा कानावर आलं ते एका सोमाली मुलाकडून. पुण्यात आफ्रिकेतून शिकायला येणारी मुलं नवीन नाहीत. हा बोरामा गावचा, पिंपरीत राहून पदार्थविज्ञान शिकणारा. जुम्म्याच्या नमाजनंतर ओळख झाली. खोलीसाठी फिरफिर फिरला होता. एका ठिकाणी नाव ऐकून नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी रंग बघून. मग ओळखीतून एक खोली मिळाली. त्याची फी मिनियापोलिसहून मावशी भरते. ती स्वतः शाळा अर्धवट सोडून परागंदा झालेली. १९९१ साली तिकडचं सरकार कोसळलं आणि शाळाही गेल्या. बोरामाजवळ अमूद विद्यापीठ उभं राहिलं ते १९९८ साली, गावकऱ्यांच्या आणि परदेशी गेलेल्या आप्तांच्या पैशावर. मावशी फोनवर दर वेळी म्हणते, चीनपर्यंत जा असं सांगितलंय, तू तर भारतापर्यंतच गेलास.

त्याची आजी वेगळ्याच मार्गाने शिकली. आधी कुराणाच्या शाळेत लाकडी पाटीवर, कोळशाच्या शाईने. धडा पाठ झाला की पाटी धुवायची, त्याच पाटीवर पुढचा. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ साली. १९७४ मध्ये सरकारने वरच्या वर्गांतल्या मुलांना आणि शिक्षकांना उंटांमागे फिरणाऱ्या लोकांत पाठवलं. येत असेल तर शिकव, येत नसेल तर शीक, अशी त्या मोहिमेची घोषणा. आजी तेव्हा स्वतःच्या भाषेत लिहायला शिकली. त्या घोषणेला सनद लागली नाही. कुणी म्हटली हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ती म्हणणारी राजवटही पुढे बुडाली.

एकदा त्याला मी स्लिप गेज दाखवले. दोन गेज स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवत दाबले की गोंदाशिवाय चिकटतात. त्याने ते सोडवले, पुन्हा चिकटवले, कितीतरी वेळ. मग साखळीचं सगळं ऐकून विचारलं, ‘चाचा, सबसे ऊपर वाले को कौन चेक करता है?’

मीटरची व्याख्या १९८३ पासून प्रकाशावर टेकलेली आहे. निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं जातो, तेवढा एक मीटर. तो वेग आता कुणी मोजत नाही, तो ठरवून टाकलेला आहे. म्हणजे सगळ्यात वर तपासणं संपतं आणि मानणं सुरू होतं, असं मी त्याला म्हणालो. म्हणताना बरं वाटलं. घरी येईपर्यंत ते पटेनासं झालं. मीटरचं टोक बदललेलं आहे: आधी धातूचा दांडा, १९६० मध्ये क्रिप्टॉनचा प्रकाश, मग हे. अधिक नेमकं सापडलं की जुनं बाजूला ठेवतात. माझ्या इमानाचं टोक तसं बदलणारं नाही, आणि ते बदलावं असं मला वाटतही नाही. मग दोन्ही साखळ्या एकच, असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

मौलवीसाहेब म्हणतात, ते वाक्य सोडा, ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे ही इब्न माजांच्या संग्रहातली हदीस घ्या. खरं आहे. पण तिच्यात वाट नाही, लांबचा पल्ला नाही. आणि त्या काळी चीनमध्ये दीन शिकायला कोण जाणार? तिथे मिळणार ते कागद, रेशीम, दुनियेची विद्या. ज्या कुणी ते वाक्य रचलं, त्याला ही विद्याही पवित्र मानली जावी असं वाटत असेल का? की त्याला नुसती वाहवा हवी होती? कमजोर हदीस सत्कर्माची ओढ लावण्यापुरती चालते, असं बऱ्याच आलिमांचं मत आहे. आमच्याकडेही माप थोडं बाहेर असलं तर माल डेव्हिएशनवर घेतात. पण सर्टिफिकेटच बनावट निघालं तर कुणी सही करत नाही, मीही करणार नाही.

तरीही त्या वाक्यावर एक बाई मिनियापोलिसहून दर महिन्याला पैसे पाठवते आणि एक मुलगा पिंपरीत ऑप्टिक्सची गणितं सोडवतो. त्याला बोरामाला परतून शिकवायचं आहे, तेव्हा तो हे वाक्य वर्गात म्हणणारच. त्याला आत्ताच सांगावं की नको, ते ठरत नाही. सांगायचं झालं तर आधी एवढं विचारीन म्हणतो, की मावशीने ते कुणाकडून ऐकलं.