घरपट्टीचं पान ‘तांत्रिक कारणास्तव’ बंद का होतं?

आमच्या नगरपालिकेच्या वेबसाइटवर घरपट्टीचं पान उघडलं की नऊ दिवस नुसता पांढरा स्क्रीन यायचा. मुखपृष्ठ मात्र झकास, पदाधिकाऱ्यांच्या फोटोंसकट. सवलतीची मुदत महिनाअखेरपर्यंत. त्यामुळे घरबसल्या भरणारेही खिडकीवर रांगेत, आणि खिडकीवर कागद चिकटवलेला: ‘तांत्रिक कारणास्तव ऑनलाइन सेवा बंद आहे.’

गावात चर्चा दोनच. कुणी म्हणे हॅक झालं, कुणी म्हणे मुद्दाम बंद ठेवलंय. मी हेच काम पोटासाठी करतो, म्हणून तिथल्या एका ओळखीच्या कर्मचाऱ्याने ‘जरा बघता का’ म्हणून बोलावलं. जे दिसलं ते इथे लिहितोय, कारण हा प्रकार बऱ्याच सरकारी वेबसाइटवर होतो आणि ‘तांत्रिक’ म्हटलं की आपण गप्प बसतो.

साइट पीएचपीमध्ये आहे. प्रत्येक पानाचा वरचा भाग आणि डेटाबेसची जोडणी वेगळ्या फाइलींत ठेवतात आणि पान चालताना त्या आत ओढून घेतात. त्यासाठी दोन आज्ञा आहेत, इन्क्लूड आणि रिक्वायर. इन्क्लूडला फाइल मिळाली नाही तर ते कुरकुर करून पुढे जातं. रिक्वायर तिथेच थांबतं. आपला पांढरा स्क्रीन म्हणजे थांबलेलं रिक्वायर.

आता फाइल मिळाली का नाही? पत्ता समजा ‘मारुतीच्या देवळामागे’ असा लिहिलाय. मारुती तर गावोगावी आहे! तुम्ही उभे असाल त्या गावचा धरणार. इथे पत्ता होता ‘कॉमन फोल्डरमधली डेटाबेसची फाइल’. असा अर्धा पत्ता दिला की पीएचपी आधी ‘इन्क्लूड पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर धुंडाळतं. यादीत बहुधा एक नुसतं टिंब असतं, म्हणजे सध्याचा फोल्डर, आणि वेबवर तो सुरुवातीला मागितलेल्या पानाचा असतो. तिथे नाही मिळालं, तर ती ओळ ज्या फाइलमध्ये आहे तिच्या फोल्डरात डोकावतं. तिथेही नाही तर संपलं.

जुन्या सर्व्हरवर कुणीतरी त्या यादीत साइटचा मुख्य फोल्डर घालून ठेवला होता. कुठेही लिहून न ठेवता, अर्थात. साइट नव्या सर्व्हरवर हलवली, ती सेटिंग मागेच राहिली. मुखपृष्ठ मुख्य फोल्डरातच असल्याने त्याला कॉमन फोल्डर टिंबावरूनच सापडला. घरपट्टीचं पान आतल्या फोल्डरात, त्यामुळे ते अडलं.

गंमत म्हणजे हे सगळं सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये छापलेलं होतं. कोणती फाइल उघडता आली नाही आणि कंसात इन्क्लूड पाथची पूर्ण यादी. नऊ दिवसांत तो लॉग कुणी उघडलाच नव्हता. त्याऐवजी ठेकेदाराच्या माणसाने चुका थेट स्क्रीनवर दाखवायची सेटिंग चालू करून पाहिली, आणि दुसऱ्या एका पानावर ती तशीच राहिली. म्हणजे सर्व्हरवरचे अंतर्गत पत्ते अख्ख्या जगाला दिसत होते.

उपाय साधा आहे. पत्ता फाइलच्या स्वतःच्या जागेपासून मोजायचा. पीएचपी 5.3 पासून, म्हणजे 2009 पासून, त्यासाठी ‘डीआयआर’ हा शब्द आहे, पुढे-मागे दोन दोन अंडरस्कोअर लावून लिहायचा. मग पान कुठूनही उघडा, साइट कुठेही हलवा. सर्व्हरच्या मुळापासूनचा पूर्ण पत्ता ठोकून दिला तरी आज चालेल, पण पुढच्या स्थलांतराला परत रांग. ठेकेदाराला आधी तेच करायचं होतं.

पत्ते दुरुस्त झाल्यावरही एक पान अडून बसलं. जुना सर्व्हर विंडोजचा, तिथे फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाहीत. नवा लिनक्सचा, तो काटेकोर. कोडमध्ये स्मॉल ‘एच’, फाइलचं नाव कॅपिटल ‘एच’ने. झालं!

एकूण काम दुपारभराचं. नऊ दिवस गेले ते कुणी लॉग वाचायचा हे ठरलेलं नसल्याने. म्हणून मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलंय: साइट हलवल्यावर आतलं प्रत्येक पान उघडून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका, जुन्या सर्व्हरच्या सेटिंगची यादी लेखी घ्या, चुका स्क्रीनवर नको, लॉगमध्येच जाऊ द्या. तुमच्या गावच्या साइटवर असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट इथे टाकू नका, त्यात सर्व्हरचे पत्ते असतात. अर्जासोबत जोडून कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

घरपट्टीचं पान कालपासून चालू आहे. पाण्याच्या वेळापत्रकाचं अजून नाही. ते रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टवर आहे, आणि अशी स्क्रिप्ट सर्व्हर वेगळ्याच फोल्डरातून सुरू करतो, म्हणजे तिथेही अर्ध्या पत्त्याचंच दुखणं. ते काम सोमवारी करायचं ठरलंय. तोवर साइटवर जुनीच वेळ दिसेल, तेव्हा नळाची वेळ आपापल्या भागातल्या व्हॉल्व्हमनलाच विचारा.