आगमनकाळातली पाने

1 डिसेंबर 2024, रविवार
आगमनकाळाचा पहिला रविवार. उपासनेत लूकचा 21वा अध्याय वाचला: सूर्यचंद्रातली चिन्हं, मेघात येणारा मनुष्याचा पुत्र. बाहेर पडताना कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने गाठलं. "काकू, हे सगळं याच पिढीच्या हयातीत घडेल असं येशू म्हणतो. ती पिढी तर केव्हाच गेली. मग?" पोराने नेमकं अवघड जागी बोट ठेवलं. पुढच्या शास्त्राभ्यासाला हाच विषय घेते.

2 डिसेंबर, सोमवार
उत्तरं एकाहून जास्त आहेत. काही भाष्यकार म्हणतात, घडून गेलं. इ.स. 70मध्ये टायटसच्या रोमन फौजेने यरुशलेम घेतलं, मंदिर जाळलं. येशूला ऐकलेले काहीजण तेव्हा हयात असणारच. दुसरे म्हणतात, ही चिन्हं जी पिढी पाहील तिच्याबद्दल ते बोलणं आहे. त्यांतल्याच काहींनी 1948मधल्या इस्राएलच्या स्थापनेत चाळीस वर्षं मिळवून 1988 साल काढलं. तेही सरलं. मला पहिलं मत जवळचं वाटतं, पण पुरं पडत नाही. मंदिर पडलं खरं. मेघात येणारा कुठे दिसला?

4 डिसेंबर, बुधवार
आज प्रकटीकरण 20. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख नव्या करारात या एकाच अध्यायात, आणि भांडणं सगळ्यात जास्त त्यावरच! प्रभू आधी येईल आणि मग ते राज्य, हा एक पक्ष. सुवार्तेने जग आधी सुधारेल, मग प्रभू येईल, हा दुसरा. हजार हा आकडा प्रतीकात्मक, मंडळीचा चालू काळ म्हणजेच ते राज्य, हा तिसरा. संत ऑगस्टीन आधी पहिल्या बाजूला होता, नंतर तिसऱ्या बाजूला गेला.

शेवटच्या काळातल्या महासंकटाआधी विश्वासणारे गुपचूप वर उचलले जातील ही शिकवण मात्र एकोणिसाव्या शतकात डार्बी नावाच्या उपदेशकाने रुजवली. 1909च्या स्कोफील्ड बायबलने ती घरोघर नेली. त्यात टिपा वचनांच्याच पानावर खाली छापलेल्या. वाचणाऱ्याला टीपही शास्त्राइतकीच पक्की वाटू लागली.

6 डिसेंबर, शुक्रवार
प्रभूच्या येण्याची तारीख काढणारं विल्यम मिलरचं गणित वहीत मांडून पाहिलं. अमेरिकेतला हा शेतकरी, बाप्टिस्ट उपदेशक. दानीएल 8:14मधले 2300 दिवस म्हणजे तितकी वर्षं, सुरुवात इ.स.पू. 457. वजाबाकी केली की 1843. पण इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून एक वाढवून 1844. शेवटी अनुयायांनी 22 ऑक्टोबर ही तारीख धरली. काहींनी शेतातले बटाटेही काढले नाहीत. रात्र उलटली, कोणी आलं नाही. बरेच जण निघून गेले. उरलेल्यांतले काही म्हणाले, तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली. त्यांच्यातूनच 1863मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. आज ते तारीख सांगत नाहीत.

तारखा सांगणारे तरी थांबले नाहीत. 2011मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग या उपदेशकाने रेडिओवरून प्रभूच्या येण्याची तारीख 21 मे जाहीर केली. लोकांनी आयुष्यभराची पुंजी त्या प्रचारात घातली. मग त्याने 21 ऑक्टोबर सांगितली. तीही गेली.

8 डिसेंबर, रविवार
वर्ग झाला. मुलाला तिन्ही पक्ष सांगितले, माझं मतही सांगितलं. तो म्हणाला, "मग मंडळी नेमकं मानते काय?" त्याला निकियाचा मतांगीकार दाखवला. 325 साली धर्मपित्यांनी एवढंच लिहिलं की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल. साल नाही, हजार वर्षं नाहीत. बाकीच्यावर वाद घालावा, एका बाकावर बसून घालावा.

तारखेचा मात्र वादच नाही. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्क 13:32 सांगतं. कोणी तारीख घेऊन आला तर त्याला हे वचन मोठ्याने वाचायला लावा, आणि घर-जमीन विकण्याबाबत त्याचा सल्ला मुळीच घेऊ नका.