माझं, माझं आणि माझंच!

शनिवारी रात्री फोन आला. एका बिल्डरचं पीआर बघणारा माणूस. ‘मॅडम, प्रोजेक्टबद्दल छान लिहा. जाहिरात वाटता कामा नये, तुमच्या नावानं लेख हवा. 20 हजार देऊ.’

फ्रीलान्सरला 20 हजार म्हणजे काय, ते फ्रीलान्सरलाच कळतं! माझा लॅपटॉप दिवसातून चारदा हँग होत होता. ‘उद्या सांगते,’ म्हटलं आणि रात्रभर हिशेब मांडत बसले. एकदाच तर करायचंय. सगळेच करतात.

रविवारी वसईला मैत्रिणीकडे जायचं आधीच ठरलं होतं. घरची सगळी मिस्साला निघाली, मग मीही गेले. फादरांचं प्रवचन छान मराठीतून. विषय, लूकच्या शुभवर्तमानातल्या 12व्या अध्यायातली श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट. येशू ती सांगतो कधी, तर एक जण भावाकडून वाटणी मिळवून द्या म्हणून येतो तेव्हा. बाकांवर जरा चुळबूळ झाली. जिथे केळीच्या वाड्या जाऊन इमारती आल्या, तिथे वाटणी हा विषय काही नवा नाही!

तर, शेतकऱ्याला भरघोस पीक येतं. जुनी कोठारं पाडून मोठी बांधू, मग आयुष्यभर मजा करू, असं तो ठरवतो. आणि त्याच रात्री देवाकडून बोलावणं येतं.

आता ‘पैसा वाईट’ छापाचं लेक्चर होणार, असं मला वाटलं. पण फादर म्हणाले, ‘यानं चोरी केलेली नाही. पीक त्याच्याच जमिनीतलं आहे. फक्त तो दुसऱ्या कुणाशी बोलतच नाही. प्रश्न स्वतःलाच विचारतो, उत्तरही स्वतःच देतो. सगळं माझं, माझं! हाव अशी एकट्यानंच वाढते.’

मी गार! रात्रभर मी तरी दुसरं काय करत होते? डब्यात काय होतं तेही मैत्रिणीला सांगणारी मी, या फोनबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

परतताना एका छत्रीत चालता चालता तिला सांगून टाकलं. मोठ्यानं बोलल्यावर माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. ती एवढंच म्हणाली, ‘तुझा लेख वाचून कुणी कर्ज काढून घर घेतलं तर?’

संध्याकाळी लोकलमधूनच ‘नाही’ कळवलं.

लॅपटॉप अजूनही हँग होतो. पुन्हा असा फोन आला तर मी डगमगणार नाही, अशी गॅरंटी देत नाही. फक्त ‘उद्या सांगते’ म्हणून झोपायच्या आधी मैत्रिणीला फोन लावेन, एवढं नक्की.