कुस्तीत दुहेरी नसते

२०१५ च्या विम्बल्डनमध्ये महिला दुहेरीचा करंडक उचलणाऱ्या दोघींकडे मी हाडांच्या डॉक्टरच्या नजरेनं पाहतो, तेव्हा मला आधी त्यांचे सांधे दिसतात. मार्टिना हिंगीसनं घोट्यांच्या दुखण्यापायी २००३ मध्ये, बावीस वर्षांची असताना, निवृत्ती जाहीर केली होती. एकेरीची पाच ग्रँड स्लॅम तेव्हा तिच्या नावावर होती. आणि मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा? २००७ मध्ये ती एकेरीत जगात २७ वी होती. पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उजव्या मनगटानं दगा दिला, सामना अर्धवट सोडावा लागला. शस्त्रक्रिया झाली, दुखणं मात्र पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिलं. अखेर २०१३ मध्ये तिनं एकेरीला रामराम ठोकला.

तिच्या सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी चार त्यानंतरची आहेत. हिंगीसबरोबर सलग ४१ सामने जिंकणं आणि दुहेरीत ९१ आठवडे जगात अव्वल राहणं, हेही नंतरचंच. लोक याला जिद्द म्हणतात. जिद्द होतीच, पण मला त्यात शहाणपण जास्त दिसतं. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद आणि राखणारी एकटी. दुहेरीचं ३६ फूट, पण वाटून घेतलं की वाट्याला १८ येतात. लांब रॅली कमी, जाळ्याजवळचे छोटे फटके जास्त. मागून पूर्ण ताकदीनं फोरहँड हाणताना मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जो पीळ बसतो, तो बराच कमी होतो. हात तोच, त्यावरचं ओझं हलकं झालं. कोपराच्या दुखण्यानं २०२२ ची अमेरिकन ओपन हुकली, तरी त्या दुखण्याला तिनं निरोपाची तारीख ठरवू दिली नाही. २०२३ मध्ये मेलबर्नला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी गाठली आणि मग फेब्रुवारीत दुबईत थांबली.

करमाळ्यात माझ्याकडे टेनिसपटू येत नाहीत. येतात ते पैलवान, कबड्डीवाले आणि पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं. पैलवानाचा गुडघा तपासणं ही वेगळीच कसरत आहे. गुडघा जरासा वाकवून, एका हातानं मांडी धरून दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढायची. आतलं लिगामेंट शाबूत असेल तर नडगी एका जागी येऊन टक्कन थांबते. तुटलं असेल तर थांबतच नाही, मऊ सरकत येते. पण जोर-बैठकांनी कमावलेली मांडी माझ्या पंज्यात मावत नाही आणि दुखेल या धास्तीनं पैलवान ती आवळून धरतो. त्याला बोलण्यात गुंतवावं लागतं. तालमीचा विषय काढला की मांडी सैल पडते आणि तेवढ्यात निदान होतं.

गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. समोरच्यानं एकेरी पट काढला, एक पाय त्याच्या हातात गेला, दुसरा मॅटवर रुतलेला आणि अंग फिरलं. मातीत पाय थोडा तरी घसरतो, बुटातला पाय मॅटवर तसाच राहतो आणि सगळा पीळ गुडघा खातो. "लचक भरलीय" म्हणून तेलानं चोळणं होतं, आठवड्यानं सूज उतरते. मग पोरगा येतो तो एकच मागणी घेऊन: "डॉक्टर, यात्रेच्या फडापुरता उभा करा फक्त." उभा करणं अवघड नसतं, तिथंच गोम आहे. सैल गुडघ्यानं पुन्हा फडात उतरला की आतली गादी फाटते, आणि जे दुखणं निवांत दुरुस्त झालं असतं ते जन्माचं होतं.

कुस्तीत दुहेरी नसते. वाट्याला अर्धा आखाडा घेऊन पाच वर्षं जास्त खेळू, अशी सोय नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं ब्राँझ मिळवलं. त्या वारीसाठी त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पण १९५६ च्या मेलबर्नआधी गुडघा गेला आणि ऑलिंपिकचा रस्ता बंद झाला. त्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. लिअँडर पेसनं ते अटलांटात दुखावलेल्या मनगटानं मिळवलं, टेनिसमध्ये. त्याचे वडील, गोव्यात जन्मलेले वेस पेस, म्युनिकच्या हॉकी ब्राँझचे मानकरी आणि स्वतः क्रीडावैद्यकातले डॉक्टर होते. एकाच्या घरात डॉक्टर, दुसऱ्यासाठी घर गहाण. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. आपल्याच तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी त्यांच्यावर चित्रपट करायला घेतला, याचा मला आनंद आहे. त्यात तो गुडघाही दिसावा, एवढी इच्छा.

टेनिसमध्ये पैसा आहे, फिजिओ सोबत फिरतो, आमच्या पोरांना हे कुठलं परवडायला, असं कुणी म्हणेल. मला ते अर्धंच पटतं. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीची ताकद परत आणायला लागतात त्या बैठका, पायरी चढ-उतार आणि एका पायावर तोल धरणं. त्याला महागडं यंत्र लागत नाही, जवळ बसून करून घेणारा माणूस लागतो, आणि तालमीत तसा माणूस असतो. कमी पडतो तो धीर. नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

तेव्हा वस्तादांना हात जोडून विनंती: गुडघा सुजलेल्या पोराला चोळू नका, बर्फ लावा आणि तपासायला पाठवा. शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिने आणि दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय त्याला कुणाशी जोडू नका. मधल्या काळात त्याच्या हाती लहान पोरं शिकवायला द्या. इनामाची कुस्ती पुढच्या यात्रेलाही लागणारच आहे.